सतरा मोहरांचा तिरंदाज

वसमत तालुक्यातल्या एका ओसरीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी फौज उभी राहते. फौजेचं सामान असं: चार्जरची पिन सुतळीनं बांधून जागेवर ठेवलेला एक जुना लॅपटॉप, आणि त्याच्यापुढं बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, निकालाचं नाव काढलं की कानात हेडफोन घालणारा नातू. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली. बाजेवर आबा. आबांचं काम हळदीत शिरणाऱ्या कोंबड्या हाकलण्याचं. पण कोंबड्या काही चोवीस तास शिरत नाहीत. मधल्या वेळात ते पडद्याकडं बघतात.

पडद्यावर लांब कानांचा, तुराटीसारखा सडपातळ, हिरव्या कपड्यातला एक जण कमठा घेऊन उभा असतो.

"हा केवढ्याला?"

"सतरा मोहरा, आबा."

"अन् शेजारचा तलवारवाला?"

"चौदा."

आबांनी दोघांना नीट पाहून घेतलं. "मग ही कांडी म्हण की. अन् तो गट्टू."

हळदीच्या गावात याहून नेमकं वर्गीकरण कोणी करणार नाही. मोंढ्यात हळद दोन ढिगांत येते. लांब, सडपातळ, पॉलिश केल्यावर चमकणारी ती कांडी. जाड, बुटका मूळचा गड्डा तो गट्टू. कांडीचा भाव बहुतेक वेळा चार पैसे वर असतो, गट्टूचा खाली. रंगाचं काम दोन्ही करतात. पण बिटाला ढिगापुढं उभा राहिलेला व्यापारी हात घालतो तो आधी कांडीत. पडद्यावरच्या त्या लांब कानांच्या एल्फ तिरंदाजाचं सगळं राजकारण या एका वाक्यात आलं. तो महाग आहे तो दिसण्यामुळं की गुणामुळं, हा प्रश्न जगभरचे खेळाडू वीस-पंचवीस वर्षं घोळत बसले आहेत. आबांना तो सोडवायला अर्धं मिनिट लागलं, आणि तेवढ्यात एक कोंबडी हळदीत शिरलीच.

खेळाचं नाव 'बॅटल फॉर वेस्नॉथ'. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रॅमरनं 2003 मध्ये तो सुरू केला, पुढं जगभरच्या हौशी लोकांनी वाढवला. खेळ फुकट आहे, आणि जुन्यापुराण्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो. वसमतपर्यंत पोचायला त्याला एवढे दोन गुण पुरे झाले. षट्कोनी घरांचा नकाशा, एक किल्ला, आणि समजा हाताशी शंभर मोहरा. त्यात लढवय्या घ्यायचा 14 ला, तिरंदाज 17 ला, जखमा भरणारी शमन बाई 15 ला. हिशेब करून बघा: पाच तिरंदाज म्हणजे 85, वर एक शमन 15, शंभराला शंभर, एक मोहर उरत नाही. असा तंतोतंत हिशेब जुळला की नवशिक्याला वाटतं, खेळ करणाऱ्याचीच ही इच्छा होती. तिकडं पलीकडच्या ऑर्क नावाच्या दांडगट टोळीचा साधा शिपाई मिळतो 12 मोहरांना. शंभरात आठ येतात आणि चार मोहरा चहापाण्याला उरतात. एका ऑर्काच्या अंगात जीव 38, आपल्या तिरंदाजाच्या अंगात 29. म्हणजे तिकडून 304 जीव चालून येणार आणि इकडं बाईसकट जेमतेम पावणेदोनशे जीव उभे. तरी पोरगं तिरंदाजच घेतं. रोज.

कामून घेतं, हे समजायला पडद्यावरून उठून जरा मागं जावं लागतं.

मराठी माणसाची तिरंदाजाशी ओळख पुस्तकानं करून दिली नाही, टीव्हीनं करून दिली. 1987 मध्ये रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालं आणि रविवारच्या सकाळी गावातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढं आख्खी आळी बसायला लागली. त्यात बाण कधी हुकलाच नाही. फार तर वाटेत समोरच्या बाणाशी टक्कर होई, दोन्हींतून ठिणग्या निघत, एकाचे दहा होत, दहाचे शंभर. बाण सोडणाऱ्याला नेम धरायची घाई नसे. आधी डोळे मिटून मंत्र, मग बाण. अर्जुनाला तर पोपटाचा डोळा सोडून झाडसुद्धा दिसत नव्हतं. अशा वळणात वाढलेल्या माणसाला 'तिरंदाज' या शब्दाचा अर्थ एकच: लागणारच.

त्यात हिंगोलीचा दसरा. शंभर-दीडशे वर्षांहून जुना हा उत्सव जिल्ह्याचा अभिमान आहे. रामलीला मैदानावर रावण उभा राहतो, माणसं तालुक्या-तालुक्यांतून लोटतात, लहान पोरं बापाच्या खांद्यावर. राम बाण सोडतो आणि रावण पेटतो. इतक्या वर्षांत रामाचा बाण हुकला आणि रावण तसाच घरी परत नेला, असं झालेलं नाही. बाण नक्की कुठं लागला आणि आग नक्की कुठून लागली, हे विचारायचं नसतं.

बाहेरच्या जगाचा लेगोलसही असाच बिघडवणारा. 2001 पासून आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांत तो एल्फ केसांचा भांग न मोडता बाण सोडतो. एल्फ म्हणजे कोण, हे आबांना समजावताना मात्र नातवाची पंचाईत झाली. यक्ष म्हणावं तर तो कुबेराच्या तिजोरीचा राखणदार. गंधर्व म्हणावं तर तो गाणार. झाडावर राहणारा, सडसडीत, बिनलग्नाचा आणि वाटेला जाऊ नये असा आपल्याकडं एकच, मुंजा. पण मुंज्याच्या हातात कमठा कोणी पाहिलेला नाही. शेवटी घरात त्याचं नाव पडलं 'कानवाला'.

तर हा कानवाला पहिल्या दिवशी मैदानात उतरला. चार बाण, प्रत्येकाची मारगिरी पाच. समोर किल्ल्यात बसलेला ऑर्क. एक बाण गेला. दुसरा गेला. तिसरा. चौथा. ऑर्काच्या केसाला धक्का नाही.

"चार सोडले की रे यानं," आबा म्हणाले.

"आबा, चान्स असतो. चाळीस टक्के."

या खेळात बाण लागायचा की नाही, हे बाण सोडणाऱ्याच्या डोळ्यावर नाही, समोरचा कुठल्या जमिनीवर उभा आहे त्यावर ठरतं. किल्ल्यात बसलेल्या ऑर्कावर दहांतले चार बाण लागावेत अशी अपेक्षा. सगळे चारही हुकण्याची शक्यता जवळजवळ 13 टक्के, म्हणजे आठ वेळांतून एकदा हे व्हायचंच. मोकळ्या रानात उभ्या ऑर्कावर तेच गणित बदलतं, दहांतले सहा लागतात. खेळाडू हे सगळं जाणतो, पडद्यावर आकडा लिहिलेला असतो, तरी पाचवेळा शिव्या घालतो. साठ टक्के म्हणजे त्याच्या मनात 'लागणारच', आणि चाळीस म्हणजे 'बहुतेक लागेल'.

आबांना मात्र टक्के समजावून सांगावे लागले नाहीत. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं असतं: उगवण किमान 70 टक्के. म्हणजे शंभर दाण्यांतले तीस मातीत जायचे, हे सरकारमान्य आहे. पण ते तीस कोणते आणि कोणाच्या रानातले, हे पिशवीवर नसतं. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्यानं उघडायचे आणि मोड मोजायचे, ही रीत कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि आबा दरवर्षी करतात. त्यांनी नातवाला सरळ विचारलं, "ह्या कानवाल्याची उगवण तपासली का तू?" आता गंमत अशी की या खेळात त्याचीही सोय आहे. आकडेवारीची एक खिडकी उघडली की आपली मारगिरी किती व्हायला हवी होती आणि खरोखर किती झाली, दोन्ही समोर येतं. नातवानं ती खिडकी आबांच्या विचारण्याआधी कधी उघडली नव्हती. ती न उघडण्यातच खेळाची मजा असते. उघडली की नशिबाला दोष देता येत नाही.

एल्फांचे गुण निवडून घेता येत नाहीत, हेही बियाण्यासारखंच. भरती केली की कोणी चपळ निघतो, कोणी चिवट, कोणी हुशार. बोटांत कसब असलेला, ज्याचा प्रत्येक बाण एक गुण जास्त मारतो, तो फक्त एल्फांतच निघतो. पण निघेल तेव्हा. सतरा मोहरा आधी मोजायच्या, पिशवी मग उघडायची.

याहून मोठा धक्का पुढं होता. बाण लांबून मारायचा असतो, म्हणून तर कमठा. या खेळात मात्र तिरंदाजाला बाण सोडायला शत्रूच्या अगदी लगतच्या घरात जाऊन उभं राहावं लागतं. उंबरठ्याला उंबरठा लावून. ऑर्काच्या साध्या शिपायाला लांबून मारायचं हत्यार नाही, म्हणून आपली पाळी असते तेव्हा तो मुकाट बाण खातो. इथपर्यंत सौदा फायद्याचा. पण पाळी त्याची आली की तो त्याच उंबरठ्यावरून तलवार काढतो, नऊ-नऊचे दोन वार, आणि आपला कानवाला कंबरेची सुरी काढून पाच-पाचचे दोन. ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहणार आहे, 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जिच्यासाठी 2600 कोटी मंजूर केले, जिथं प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी हालचाल पकडायची आहे, त्या जिल्ह्यात हातभर अंतरावरून चार बाण हुकवणारा गडी सतरा मोहरांना जावा, हे जरा लागतंच.

एक गोष्ट कानवाल्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. त्याला झाडीत उभं करा. मोकळ्यावर त्याच्यावरचे दहांतले सहा वार बसतात, झाडीत तीन-चारच. आणि ऑर्क रात्री पाव पट जास्त चेवतात, दिवसा तेवढेच ढिले पडतात. एल्फांना दिवस-रात्र सारखी. हे ऐकून आबा पहिल्यांदा कानवाल्याकडं जरा आपुलकीनं बघायला लागले. मोटारीची लाईट रात्री येते म्हणून रात्री दोनला बॅटरी घेऊन हळदीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला रात्र-दिवस सारखे असणाऱ्याची कदर असतेच.

तिरंदाजाच्या मोहाचा हा आजार एका खेळाचा नाही. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला 1 मे 1999 ला. त्याच वर्षी 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'चा तिसरा भाग बाजारात आला. त्यात रानातला एल्फ 200 सोन्याला, आणि फक्त 25 जास्त मोजले की एका पाळीत दोनदा बाण मारणारा थोरला एल्फ. पंचवीसमध्ये दुप्पट मार, असा सौदा मोंढ्यात कोणी देत नाही, आणि दिला तर घेणारा पोतं उलटं करून बघतो. 2002 च्या 'वॉरक्राफ्ट 3'मध्ये निशाचर एल्फांची तिरंदाज बाई 130 सोनं आणि 10 लाकडांना. रात्री निश्चल उभी राहिली की दिसेनाशी होते. तेच 1999 साल 'एज ऑफ एम्पायर्स 2'चंही. त्यात एल्फ नाहीत, माणसंच आहेत, पण तिथंही नवखा खेळाडू तिरंदाजांचाच घोळका करतो आणि समोरच्यानं स्वस्तातले, ढाल घेतलेले भालाफेके पाठवले की घोळका तिथंच आडवा. आणखी एक खोच: 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. घरचं राज्य पडद्यावर तयार असताना पोरगं लांब कानाच्या परक्यांची चाकरी करतं, याला काय म्हणावं? आबांच्या मते, काही म्हणू नये. त्यांच्या चुलतभावानंही घरची जमीन बटईनं देऊन पुण्यात वॉचमनकी केली.

खरी तिरंदाजी आणि सडपातळ एल्फ यांचं तर काहीच जुळत नाही. इंग्लंडचं 'मेरी रोज' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यात त्या काळची लांब धनुष्यं शाबूत सापडली. ती पुरी ताणायला शंभर पौंडांहून, म्हणजे 45 किलोंहून जास्त जोर लागत असे, काहींना त्याच्याही कितीतरी वर. हळदीचं पन्नास किलोंचं पोतं एका हातानं छातीपाशी ओढून धरायचं आणि तेही मिनिटाला कैक वेळा. त्या जहाजावरच्या सांगाड्यांच्या खांद्यांची हाडं या कामानं बदललेली दिसतात. म्हणजे खरा तिरंदाज दिसायला मोंढ्यातल्या हमालासारखा असणार. चित्रकारांनी हे मनावर घेतलं असतं, तर कानवाल्याची कांडी कधीच झाली नसती.

आणि ज्यांचा नेम खरोखर चुकत नाही, ते आपल्याच राज्यातले. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 15 बाणांत 150 गुण घेतले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याला 149 मिळाले आणि तो हरला. एकशे एकोणपन्नास घेऊन हरायचं! त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या 17 व्या वर्षी जगज्जेती झाली, 149 विरुद्ध 147 नं. अंतर 50 मीटर, दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, वाटीएवढं. नातवानं हे आबांना दाखवलं, तेव्हा आबांनी एकच विचारलं, "ही पोरगी केवढ्याला पडंल?" खेळात तिला घेता आलं असतं तर दुसऱ्या दिवशी जगभरच्या खेळाडूंनी बोंब मारून तिचे बाण कमी करायला लावले असते.

घरात कमठ्याचं बोलणं वाढायला लागलं तसा आणखी एक घोटाळा झाला. शेजारचे काका डेअरीवर दूध घालून येताना ओसरीवर टेकले आणि त्यांच्या कानावर पडलं, "आबा, मी धनुष्यबाणच घेतो." काका उठून नीट बसले. हिंगोलीत हे वाक्य खेळातलं राहत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं ही निशाणी एका शिवसेनेला दिली, दुसरीच्या हाती मशाल राहिली. 2024 च्या लोकसभेला हिंगोली मतदारसंघात मशालीनं धनुष्यबाणाला हरवलं. त्याच वर्षीच्या विधानसभेला कळमनुरीत धनुष्यबाण निवडून आला. काकांनी पोराला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कोणी काही बोललं का?" नातवानं त्यांना पडद्यावरचा सांगाडा दाखवला.

सांगाडा हा तिरंदाजाचा कर्दनकाळ. मेलेल्यांच्या फौजेतला हा हाडांचा गडी बाणाचा साठ टक्के मार अंगाला लावूनच घेत नाही. बाण बरगड्यांतून पलीकडं जातो, पाचाचे दोन होतात. त्याच्यावर चालते ती आग, आणि त्यासाठी वीस मोहरांचा जादूगार घ्यावा लागतो. "म्हणजे इथं मशाल लागंल," काका म्हणाले, आणि ओसरीवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आबांच्या लहानपणी लांबून मारायचं खरं हत्यार वेगळं होतं. ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा बांधायचा, त्यावर पोरापोरींना चढवायचं आणि हातात गोफण द्यायची. सुताची किंवा अंबाडीची दोरी, मध्ये खडा बसेल एवढी झोळी. डोक्याभोवती फिरवून एक टोक सोडलं की खडा चाळीस-पन्नास पावलांवर. पाखराला लागला नाही तरी चालायचं, कारण 'सण्ण' आवाजानंच थवा उठायचा. न लागताही काम होणारं असं हत्यार कुठल्या एल्फाजवळ आहे? वेस्नॉथमध्ये गोफण आहे, पण ती 14 मोहरांच्या एका भुरट्याच्या हातात दिली आहे. त्याला कान नाहीत, भांग नाही. नातवानं तो कधी घेतला नाही.

शेवटी एका संध्याकाळी, सलग चौथ्यांदा हरल्यावर, नातवानं लॅपटॉप आबांपुढं सरकवला. "तुम्ही सांगा, आबा. कोण घ्यायचे?"

आबांनी चष्मा पुसला. बाजारात बैल बघावा तसे एकेकाचे आकडे विचारून घेतले: जीव किती, वार किती, चाल किती. मग म्हणाले, "गट्टू घे. सगळे."

नातवानं बटण न दाबता, नुसत्या हिशेबात लढवय्ये घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहाव्याला 84 झाले. हाताशी राहिल्या सोळा. त्यातून सातवा सहज येत होता आणि दोन मोहरा उरत होत्या. पण नातवाचं बोट खाली सरकलं, कानवाल्याच्या नावावर जाऊन थांबलं. सतरा. एक मोहर कमी.

"एक गट्टू परत करतो," तो म्हणाला. परत केला. आता तीस. सतराचा कानवाला घेतला, उरल्या तेरा. चौदाच्या लढवय्याला पुन्हा एक मोहर कमी. त्यानं कानवाला परत केला, गट्टू परत घेतला. सोळा.

कोंबडी हळदीत शिरली होती. कोणी उठलं नाही.

आबा पडद्याकडं टक लावून बघत होते. त्या लांब कानांकडं, त्या बारीक मनगटाकडं. मग त्यांनी हात रुमालाखाली घेतला, मोंढ्यात अडत्याच्या बोटांशी बोटं लावून भाव करायची जुनी सवय, आणि हळूच म्हणाले,

"सोळाला देतो का, विचार त्याला."